बाईंच्या आवाजाची कातरण

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी बाइंडरच्या कॉम्प्युटरनं त्याला सांगितलं की जागा नाही.

"जागा नाही म्हणजे काय? अख्खं घर रिकामं पडलंय," बाइंडर पडद्याला म्हणाला. ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतंच. बायको सोळा दिवस हॉस्पिटलात होती. मुलगी सकाळीच तिला आणायला गेली होती आणि पाच वाजेपर्यंत दोघी घरी यायच्या होत्या. पाचला सिनेमा तयार असेल, असं बाइंडरनं दोघींना कबूल केलं होतं. कबूल कसलं, छाती ठोकून सांगितलं होतं.

आता हा बाइंडर कोण, ते आधी सांगायला हवं. बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा. चाळीस वर्षं त्यानं तेच केलं. कॉलेजातल्या पोरापोरींचे प्रबंध, कचेऱ्यांचे अहवाल, ग्रंथालयातली पाठ मोडलेली पुस्तकं, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. त्यानं शिवलेलं पुस्तक आडवं आपटा की उभं आपटा, पान हलायचं नाही. स्वभावाचं मात्र विचारू नका. एक नंबरचा हेकट. "मला माहितीये" हे त्याचं आवडतं वाक्य. आणि बहुतेक वेळा त्याला खरोखरच माहीत असायचं, हीच तर पंचाईत होती.

उस्तादाकडून तो दोन नियम शिकला होता आणि ते त्याच्या हाडात मुरले होते. पहिला नियम फर्म्यांचा. छापून घडी घातलेल्या कागदांचा जुडगा म्हणजे फर्मा. फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्यानं शिवायचे, त्याला म्हणतात जुजबंदी. जुजबंदी झाली की पुस्तक झालं. मग टेबलावर जे सुटे फर्मे उरले असतील ते सरळ रद्दीत, त्यांच्यात जीव अडकवायचा नाही. दुसरा नियम कातरणीचा. पुस्तकाच्या कडा सारख्या कापल्या की कागदाच्या पट्ट्या पडतात, ती कातरण. तिचं पोतं बांधणीच्या खोलीत ठेवायचं नाही, आणि गिऱ्हाईक पुस्तक चाळून बरं म्हणेपर्यंत फेकायचंही नाही. एकदा उस्तादाच्या हातून एका नकाशाची कड कापली गेली होती. ती पट्टी पोत्यात सापडली म्हणून त्याची अब्रू वाचली.

दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून बाइंडर घरच्या घरी व्हिडिओ जोडायला शिकला. मुलीच्या लग्नाचा सिनेमा त्यानं केला, बाईंच्या निरोप समारंभाचाही केला. "हेही बांधणीचंच काम आहे," असं तो येईल त्याला सांगायचा. कॉम्प्युटरवरच्या कप्प्यांना त्यानं नावंही धंद्यातलीच दिली होती.

बाई म्हणजे त्याची बायको. शिशुवर्गाच्या बाई. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तीन-चार वर्षांची पोरं सांभाळली. मैदानाच्या या टोकाला उभं राहून "रांगेत" म्हणाल्या की त्या टोकाची पोरं रांगेत. घरीही तोच आवाज. आंघोळीला गेलेला बाइंडर टॉवेल विसरला तर तो कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही कळायचं. त्या बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही." बाईंनी एकच विचारलं, "किती दिवस आहेत मध्ये?" डॉक्टर म्हणाले, पंधरा.

तेव्हा मुलीला सहावा महिना होता.  घरी आल्यावर दाराचं कुलूप काढता काढता बाई म्हणाल्या, "बाळाला माझा आवाज कळायला हवा. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर करा काहीतरी. पण नीट करा."

बारा दिवस, रोज सकाळी घसा शेकून झाला की बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायच्या. समोर साखरेच्या डब्याला टेकून फोन. एक दिवस त्यांनी आकडे म्हटले. एक दिवस लंगड्या कावळ्याची गोष्ट सांगितली, ती त्यांनी वर्गासाठी रचलेली होती. एक दिवस मुलीच्या लहानपणची अंगाई म्हटली, तीही स्वतःच रचलेली. मध्येच खोकला यायचा. कधी पाणी लागायचं, कधी बाइंडरशी वाजायचं. बाइंडर त्याच दिवशी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचा, खोकला आणि भांडण कापून बाजूला काढायचा आणि साफ तुकडे "सुटे फर्मे" नावाच्या कप्प्यात ठेवायचा. बाजूला काढलेलं "कातरण" म्हणून पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह बाहेरच्या खोलीत बटणांच्या डब्यात. पोतं बांधणीच्या खोलीत ठेवायचं नाही ना. फोनमध्ये उद्याच्यासाठी जागा हवी म्हणून फोनमधलं तो पुसून टाकायचा.

मुलगी फोनवर रोज म्हणायची, "बाबा, जसं आहे तसं पाठव ना मला."

"सुटे फर्मे गिऱ्हाइकाला देत नसतात," बाइंडर म्हणायचा. "बांधून झालं की देतो."

बारा दिवसांचे एकतीस तुकडे झाले. ऑपरेशन झालं. बाळासाठी भरलेला बाईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, बाइंडरच्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. आणि तो डबा म्हणत होता, जागा नाही.

एकतीस तुकडे ओळीनं लावून झाले होते. त्या सगळ्याची फाइल "जुजबंदी" या नावानं जपून ठेवली होती. राहिलं होतं ते शेवटचं काम, त्यातून एकसंध सिनेमा बाहेर काढण्याचं. बावीस मिनिटांचा सिनेमा, त्याला अकरा जीबी जागा हवी होती. डिस्कवर दीड होती.

बाइंडर बाह्या सरसावून बसला. आधी डाउनलोडचा कप्पा उपसला. त्यात वर्षभराची विजेची बिलं निघाली, एकच फॉर्म चारदा उतरवलेला निघाला. ते गेलं. मुलीच्या लग्नाचा सिनेमा तीन वेळा सापडला, त्यातले दोन गेले. कधीतरी हौसेनं घेतलेला आणि एकदाही न उघडलेला बुद्धिबळाचा खेळ गेला. व्हिडिओच्या प्रोग्रामनं स्वतःच्या सोयीसाठी बनवून ठेवलेल्या कच्च्या फाइली गेल्या. कचऱ्याची टोपली रिकामी केली. पाऊण तास मान मोडून काम केल्यावर डिस्कवर पाच जीबी जागा झाली. घड्याळात एक वाजायला आला होता.

अजून सहा हवे होते. बाइंडरनं कप्पे आकारानं लावून बघितले. सगळ्यात वर, सगळ्यात धष्टपुष्ट, "सुटे फर्मे." नव्वद जीबी.

इथे तो जरा थांबला, हे कबूल करायला हवं. कपाळ चोळलं, पाणी प्यायला. पण हाडात मुरलेला नियम तो मुरलेलाच. जुजबंदी झालेली होती. एकतीसच्या एकतीस तुकडे ओळीनं शिवलेले त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. मग हे टेबलावर पडलेले फर्मे कशाला? "जुजबंदी"ची फाइल केवढीशी आहे हे त्यानं बघितलं असतं तर तो तिथेच सावध झाला असता. ती दोन जीबीही नव्हती, एकही नव्हती. पोतंभर धान्य काडेपेटीत कसं मावलं, हे कोणीही विचारलं असतं. पण ज्याला सगळं माहीत असतं तो कशाला विचारतो?

त्यानं व्हिडिओचा प्रोग्राम बंद केला. कप्प्यातलं सगळं निवडलं. टोपलीत टाकलं तर जागा सुटत नाही, शिफ्टचं बटण धरून पुसलं की कायमचं जातं, हे त्याला कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्या ताईंनी शिकवलं होतं. पडद्यानं विचारलं, कायमचं काढून टाकायचं? बाइंडरनं हो म्हटलं. हिरवी पट्टी सरकली आणि डिस्कवर पंचाण्णव जीबी जागा झाली. त्याला फार बरं वाटलं.

प्रोग्राम पुन्हा उघडला तेव्हा इंग्रजीत एक लांबलचक चौकट आली. असल्या चौकटी दिवसातून दहा येतात. त्यानं खालचं बटण दाबून ती घालवली आणि सिनेमा काढायला लावला. पस्तीस मिनिटं लागणार होती. तेवढ्यात त्यानं पलंगावरची चादर बदलली, केर काढला, बाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि खुर्ची पडद्यासमोर नीट मध्यावर आणून मांडली. त्या खुर्चीवर बसून बाई सिनेमा बघणार होत्या. मुलगी शेजारी बसेल, आपण मागे उभं राहायचं, असंही त्यानं ठरवून टाकलं. गडी शीळ घालत होता.

पावणेदोनला सिनेमा तयार झाला. बाइंडरनं तो लावला.

पडद्यावर तांबडा रंग आला. नुसता तांबडा, आणि त्यावर इंग्रजीत दोन शब्द. आवाज नाही. त्याला वाटलं सुरुवातीलाच काही अडकलंय. त्यानं पुढे सरकवलं. पाचव्या मिनिटाला तांबडा. बाराव्या मिनिटाला तांबडा. बाविसाव्या मिनिटाला तांबडा. प्रोग्राम उघडून बघितला तर ओळीनं लावलेले एकतीसच्या एकतीस तुकडे तांबडे पडले होते. स्पीकरचा आवाज त्यानं अगदी शेवटपर्यंत वाढवला. नुसती घरघर आली.

 असं काही झालं की माणूस ओरडत नाही, उगाच खालच्या आवाजात बोलत राहतो. "थांब," तो म्हणत होता, "थांब, थांब, असं नाही." कोणाला थांब म्हणत होता ते त्यालाच ठाऊक.

मग त्यानं वायरी ओढून काढल्या, टेबलाखालचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तसाच, पायात घरच्या सपाता, तीन मजले उतरून रस्त्यावर आला. दुपारची उन्हं भिंतींवरून सरकत होती. सायकलच्या दुकानाबाहेर एक चाक उलटं टांगलेलं होतं, कपड्यांना इस्त्री करणारीनं मान वर करून "काय हो बाइंडर, कुठे निघालात एवढं ओझं घेऊन?" असं विचारलं. एरवी तो दहा मिनिटं थांबला असता. आज तिच्याकडे न बघताच पुढे गेला.

कॉम्प्युटरवाल्या ताई पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ. दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली, चहूकडे उघडी यंत्रं. त्यांनी डबा टेबलावर घेतला, बाइंडरकडे बघितलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. काय पुसलंत?"

"हिचा आवाज," बाइंडर म्हणाला.

 बाईंचं ऑपरेशन गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली.

"कसं पुसलंत?"

"शिफ्ट धरून. तुम्हीच शिकवलं होतं."

"कचऱ्यासाठी शिकवलं होतं, काका." मग आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, "पुसल्यावर डिस्कवर काही नवं केलं का?"

"सिनेमा काढला. अकरा जीबी."

ताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाइंडर त्यांच्या बोटांकडे बघत होता. शोधायचा प्रोग्राम सुरू झाला. टक्के चढू लागले. तीन, सात, अकरा. दुकानातला पंखा कुरकुरत होता. घड्याळात दोन वीस. दोन चाळीस. अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर पडद्यावर नावं उमटायला लागली. आकडे-एक. आकडे-दोन. कावळा. मुलीचा पहिला दात. अंगाई. एकतीसच्या एकतीस नावं, त्यानंच दिलेली, आकारासकट. बाइंडर स्टुलावरून उठला.

"सापडलं," तो म्हणाला.

"नावं सापडली. बसा जरा."

ताईंनी "अंगाई"वर टिचकी मारली. काळी चौकट उघडली आणि बंद झाली. "कावळा" उघडलाच नाही. "आकडे-दोन" उघडला, त्यात करडे ठिपके होते. एक एक करून त्यांनी एकतीस नावं उघडून बघितली. एकही टाळलं नाही. बाइंडर प्रत्येक वेळी पुढे वाकायचा आणि प्रत्येक वेळी मागे व्हायचा.

"जुनी फिरणारी डिस्क असती तर काहीतरी हाती लागलं असतं," ताई म्हणाल्या. "ही झटपटवाली. पुसलं म्हटलं की ही आतून पुसूनच ठेवते, पुढच्या कामाला जागा तयार. काका, यात काही राहिलेलं नाही."

"पण मी जुजबंदी केली होती. शिवलेलं होतं सगळं."

"त्या फाइलीत व्हिडिओ नसतात हो. कुठला तुकडा कुठून उचलायचा आणि कुणामागे लावायचा, एवढी यादीच असते. तुम्ही पुस्तक नाही बांधलंत. अनुक्रमणिका बांधलीत."

बाइंडरला ते लगेच कळलं. धंद्याच्या भाषेत सांगितल्यावर न कळायला काय झालं.  ताईंनी डिस्क परत बसवली, स्क्रू आवळले, डबा त्याच्या हातात दिला. "दुसरीकडे कुठे काही नाही का?" त्यांनी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली आणि तो दुकानातून बाहेर आला.

परत येताना डबा दुप्पट जड झाला होता. दुसऱ्या मजल्यावर तो पायरीवरच बसला. फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, कागद झाले सगळे. निघतोय आम्ही. पाचच्या आधीच पोचू. आई सारखी पाटीवर लिहून विचारतेय, झाला का, झाला का."

"या," बाइंडर म्हणाला. "सावकाश या."

पायरीवर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यात एक वाक्य तयार झालं. कॉम्प्युटर जळाला. बस, एवढंच. वीज कमीजास्त झाली आणि कॉम्प्युटर जळाला, कोणाच्या बापाला कळणार आहे? वाक्य नीट बसत होतं. त्यानं ते दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मुलगी रडेल, बाई रडतील, पण त्याच्याकडे कोणी त्या नजरेनं बघणार नाही. आयुष्यात त्यानं एकही पुस्तक बिघडवून "गिऱ्हाइकाच्या कागदाचा दोष" असं सांगितलेलं नव्हतं. आणि आज जगातल्या सगळ्यात महत्त्वाच्या कामाबाबत तो तेच सांगायला निघाला होता. त्याला स्वतःची किळस आली. तरी वाक्य त्यानं टाकून दिलं नाही, खिशातल्या रुमालासारखं जवळच ठेवलं.

घरी येऊन त्यानं वायरी जोडल्या. कॉम्प्युटर मुकाट्यानं सुरू झाला. डिस्कवर चौऱ्याऐंशी जीबी मोकळे होते. आता जागाच जागा होती.

चार वाजत आले होते. समोर मध्यावर मांडलेली खुर्ची बघवेना म्हणून तो बाहेरच्या खोलीत गेला. तिथे बटणांचा डबा दिसला. ताईंनी विचारलं तेव्हा त्यानं मान हलवली होती, कारण कातरण म्हणजे काही असतं असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. कातरण म्हणजे खोकला. गिऱ्हाइकानं बरं म्हटलं की फेकायची वस्तू. पण गिऱ्हाइकानं अजून बरं म्हटलं नव्हतं. त्यानं पेन ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावला.

त्रेचाळीस तुकडे होते. कोणताही आधी, कोणताही नंतर. त्यानं पहिला लावला.

"अहो, तांबडा ठिपका लागला का? नाही लागला? मग मघापासून मी काय साखरेच्या डब्याशी बोलतेय?"

स्पीकरचा आवाज दुपारी वाढवलेला तसाच होता. बाईंचा तो आवाज, मैदानाच्या त्या टोकाला जाणारा, खोलीभर दणकला. बाइंडरनं तोंडावर हात दाबून धरला आणि तसाच रडला. साठी ओलांडलेला माणूस, खांदे हलवत रडला. पुढचा तुकडा लागला, त्यात नुसता खोकला होता आणि शेवटी "पाणी द्या". त्याच्या पुढचा सात सेकंदांचा, त्यात एवढंच, "टॉवेल कुठे टाकलात?"

डोळे पुसून तो कामाला बसला. गोष्ट नव्हती, आकडे नव्हते. पण अंगाईच्या दिवशी बाईंना ती सलग जमली नव्हती. चार वेळा सुरुवात करून चार वेळा खोकला आला होता, पाचव्यांदा म्हटलेली त्यानं फर्म्यांत घेतली होती. ती गेली. मोडलेल्या चारही कातरणीत होत्या. फाटकं पान जोडायला तो उभा जन्म शिकला होता. पहिल्या सुरुवातीतली मांजरीची ओळ त्यानं घेतली, दुसरीतली खिडकीची घेतली, तिसरीतली चपलांची घेतली, चौथीतली बाळीची घेतली. खोकला कापायला हात गेला आणि घंटा वाजली. पाचला दहा कमी होते.

दारात मुलगी होती, एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेला. तिच्यामागे बाई. केवढ्याशा झाल्या होत्या. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, हातात पाटी आणि दोरीनं लटकवलेला मार्कर. त्या आत आल्या, खुर्ची बघितली आणि सरळ तिच्यावर जाऊन बसल्या. वर्गात मुलं गोष्टीला बसतात तशा, हात मांडीवर.

बाइंडरचं वाक्य तयार होतं. "कॉम्प्युटर," त्यानं सुरुवात केली. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चौतीस वर्षांचा संसार. त्या नजरेपुढे ते वाक्य पुढे सरकेना.

"मी पुसलं," तो म्हणाला. "एकतीसच्या एकतीस तुकडे. जागा करायला गेलो आणि माझ्या हातानं पुसलं. ताईंकडे नेलं होतं. नाही मिळालं परत. चूक माझी आहे."

मुलीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "रोज मागत होते मी. रोज. जसं आहे तसं पाठव म्हणत होते ना बाबा?" तिचा आवाज फुटला. तिनं पोटावर हात ठेवला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाई हलल्या नाहीत. बाइंडर त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होता. त्यांनी बोलावं, चार लोकांत बोलावं, तीन घरांना ऐकू जाईल असं बोलावं, असं त्याला वाटत होतं. उभ्या जन्मात त्यानं बायकोच्या बोलण्याची अशी वाट पाहिली नव्हती. बाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही, गळ्याच्या रुमालाखालून नुसती हवा आली. त्यांनी मार्कर उचलला आणि काही न लिहिताच परत खाली ठेवला.

"थोडी कातरण आहे," बाइंडर म्हणाला. "कामाची नाही. तरी ऐक."

त्यानं हाताला लागला तो तुकडा लावला.

"तुम्ही नका शिकवू मला कसं बोलायचं ते. अठ्ठावीस वर्षं बोलतेय. तुमच्या हाती काही दिलं की माझा जीव टांगणीला लागतो, हे बाळाला आधी सांगते मी. ऐक गं बाळा, तुझ्या आजोबांच्या हाती काही द्यायचं नाही. बंद करा तो फोन. बंद—" आणि खोकला.

मुलगी भिंतीकडून वळली. डोळ्यांत पाणी तसंच होतं आणि ती हसत होती. बाईंनी हात तोंडाशी नेला. त्यांनी जे बोलायला हवं होतं ते नेमकं बोलून झालं होतं, महिनाभर आधीच. खांदे हलायला लागले तेव्हा त्या रडतायत की हसतायत ते बाइंडरला कळेना. मग त्यांनी पडद्याकडे बोट केलं. पुढचं लावा.

पुढचं लावलं. पुढचं. साखरेचा डबा, पाणी द्या, टॉवेल कुठे टाकलात, खिडकी लावा ती हॉर्न येतोय. मुलगी खुर्चीच्या हातावर टेकली, आईच्या अंगाला अंग लावून. शेवटी बाइंडरनं घाईत जोडलेली अंगाई लावली, जशी होती तशी.

"झोप आली मांजरीला," आणि खोकला. "झोप आली खिडकीला," आणि ग्लास ठेवल्याचा आवाज. "झोप आली चपलांना, दाराशी गं दाराशी," आणि "थांबा हो, आवंढा गिळू दे." मग जवळजवळ कुजबुजत, "जागी एकटी बाळी माझी," आणि खोकला, खूप लांब, आणि तुकडा संपला.

शेवटची ओळ कातरणीत नव्हती. ती पाचव्यांदाच म्हणून झाली होती, आणि पाचवी पुसली गेली होती.

 बाईंनी खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला, वर्गात धरायच्या तसा. बाइंडरकडे बघून तो पुन्हा धरला. त्याला कळलं. त्यानं आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. मुलगी लहान असताना बायको तिला निजवायची तेव्हा तो शेजारच्या खोलीत पुस्तकांना खळ लावत बसलेला असायचा आणि भिंतीपलीकडून ऐकायचा. त्यानं घसा खाकरला.

"ये गं माझ्या उशाशी," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे गायला, आपल्या परीनं.

मुलीच्या हातात फोन होता. पडद्यावर तांबडा ठिपका लागलेला होता, कधी लावला ते तिलाच ठाऊक. बाईंनी पाटी मांडीवर घेतली आणि भराभर लिहून त्याच्यासमोर धरली.

"बेसूर."

मग बाहीनं ते पुसलं आणि दुसरं लिहिलं, जरा सावकाश.

"ठेवा. खोकलाही ठेवा."